एग बेटावर जायचं, राहायचं: बोटीच्या वेळापत्रकापासून पाच किलोवॅटच्या हिशेबापर्यंत

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्काय बेटाच्या दक्षिणेला रम, एग, मक आणि कॅना ही चार लहान बेटं आहेत. त्यातलं एग साधारण नऊ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद, वस्ती शंभरेक माणसांची. आधी हे बेट एका श्रीमंत मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जायचं. भाडेकराराचा भरवसा नसल्यामुळे लोक घराची डागडुजी करायलाही धजत नसत. रहिवाशांनी वर्गणी गोळा केली, नाव न सांगणाऱ्या एका दात्याने मोठा वाटा उचलला आणि सुमारे १५ लाख पौंडांना बेट विकत घेतलं. १२ जून १९९७ पासून ते आयल ऑफ एग हेरिटेज ट्रस्टच्या ताब्यात आहे. बेटावरचे रहिवासी, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट हे त्यातले तीन भागीदार.

पाहुण्याने हे आधी समजून घ्यायला हवं, कारण धक्का, वीज, पायवाटा, दुकानाची इमारत, जळाऊ लाकूड हे सगळं तीच शंभर माणसं सांभाळतात. इथे दोन गोष्टी कुणासाठीच वाढत नाहीत: बोटीच्या फेऱ्या आणि घरामागे मिळणारी पाच किलोवॅट वीज. बाकीची आखणी या दोन गोष्टींच्या आतच बसवावी लागते.

आधी बोट, मग मुक्काम, विमान सगळ्यात शेवटी

बहुतेक जण विमानाचं तिकीट आधी काढतात आणि तिथेच फसतात. मॅलेग बंदरातून कॅलमॅक कंपनीची ‘लॉखनेव्हिस’ ही बोट चारही बेटांना फिरते. एगला ती रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशीही वेळ वेगळी असते. थेट आली तर सव्वा तास लागतो, दुसऱ्या बेटाला वळसा घालून आली तर जास्त. उन्हाळी वेळापत्रक मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत चालतं. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात.

म्हणून क्रम असा ठेवा. कॅलमॅकच्या संकेतस्थळावर ‘स्मॉल आयल्स’चं वेळापत्रक उघडून ज्या आठवड्यात जायचं त्यातले एगचे दिवस कागदावर उतरवून घ्या. त्या दिवसांना जागा आहे का, ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. होकार आला की बोटीचं तिकीट, मग रेल्वेचं आणि शेवटी विमानाचं. मे ते ऑगस्टमधल्या जागा काही महिने आधीच भरतात, तेव्हा चौकशी हिवाळ्यातच केलेली बरी.

परतीला बेट सोडल्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांच्यात उन्हाळ्यात किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. ऑक्टोबर ते मार्चमध्ये तीन दिवस ठेवा. फेऱ्या का रद्द होतात ते कळलं की हे तीन दिवस जास्त वाटणार नाहीत. एगच्या गॅल्मिसडेल धक्क्यावर २००४ पासून उतरता काँक्रीटचा स्लिपवे आहे. त्याआधी मोठी बोट समुद्रात थांबायची आणि माणसं-सामान छोट्या होडीतून किनाऱ्याला आणावं लागायचं. आता लॉखनेव्हिस आपला लांबलचक मागचा रॅम्प त्या स्लिपवेवर टेकवते आणि गाड्या, माणसं, गॅसच्या टाक्या सगळं त्यावरून उतरतं. समुद्राला फुगारा असला तर बोट वरखाली होते, रॅम्प काँक्रीटवर आपटतो आणि कप्तान बोट लावत नाही. वर ऊन पडलेलं असतानाही असं होऊ शकतं. कंपनीची मोबाइल सूचनासेवा सुरू करून ठेवा आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी व त्या दिवशी सकाळी असं दोनदा तपासा.

एप्रिलअखेर ते सप्टेंबर या काळात ॲरिसेगहून ‘शीअरवॉटर’ ही छोटी प्रवासी बोटही येते. सुमारे तासाभराचा प्रवास. वाटेत देवमासा किंवा डॉल्फिन दिसले तर ती थोडी थांबते. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर हीच सोयीची, पण बेटावर किती तास मिळतात ते वारानुसार बदलतं, तेव्हा तिकीट काढताना विचारून घ्या.

पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, तिला वेगळी परवानगी लागते. सायकल कॅलमॅकच्या बोटीवर फुकट नेता येते.

मॅलेगपर्यंतचा रस्ता

मुंबईहून लंडन, लंडनच्या यूस्टन स्थानकातून ग्लासगो सेंट्रल, तिथून दहा मिनिटं चालत ग्लासगो क्वीन स्ट्रीट आणि मग वेस्ट हायलँड मार्गाने मॅलेग. या शेवटच्या टप्प्याला सव्वापाच तास लागतात आणि दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत. क्रिअनलॅरिक स्थानकात ही गाडी बऱ्याचदा दोन भागांत तुटते. काही डबे ओबनला जातात, उरलेले मॅलेगला. क्वीन स्ट्रीटला बसतानाच डब्यावरची पाटी वाचा आणि गार्डला विचारा. चुकीच्या डब्यात झोप लागली तर थेट ओबनला उतराल आणि त्या दिवसाची बोट गेली म्हणून समजा. जाताना डाव्या खिडकीशी बसलात तर ग्लेनफिननचा कमानींचा पूल वळणावर पूर्ण दिसतो.

दुसरा पर्याय यूस्टनहून फोर्ट विल्यमला जाणाऱ्या रात्रीच्या स्लीपरचा. शनिवारी रात्री ती सुटत नाही. फोर्ट विल्यमहून मॅलेग एक तास वीस मिनिटं. कुठूनही आलात तरी बोटीच्या आदली रात्र मॅलेगलाच काढा. स्थानकापासून बोटीचं तिकीटघर पाच मिनिटांवर आहे, दुकान जवळच. ॲरिसेगचं स्थानक मॅलेगच्या आधी लागतं. तिथून बंदर मात्र पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

व्हिसा आणि सोबतचं खाणं

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना ब्रिटनचा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा लागतो. स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा नसतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून ऑनलाइन अर्ज करता येतो, मग मुंबई-पुण्यासारख्या शहरातल्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायचे. निकालाला साधारण तीन आठवडे धरा. एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं.

‘शेतावर चार तास काम करा, राहणं-जेवण फुकट’ अशा जाहिराती बेटांबाबत नेहमी दिसतात. व्हिजिटर व्हिसावर ते चालत नाही. पैशाऐवजी खाट आणि जेवण मिळालं तरी ते कामच धरलं जातं. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करता येते, तीही एकूण ३० दिवसांपर्यंत. भारतातल्या आपल्या नोकरीचं काम लॅपटॉपवर करायला २०२४ पासून मुभा आहे, मात्र सहलीचा मुख्य हेतू तो असता कामा नये.

पिशवीत डाळी, पोहे, कोरडे मसाले, लोणचं, भाजणी खुशाल घ्या. तूप, पनीर, खव्याची मिठाई, मांस मात्र घेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, भाज्या, फळंही नकोत. राहिलेलं सामान ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागातल्या देशी दुकानांत मिळतं. एगवर दुकान आहे, तिथे रोजच्या गरजेचं मिळतं. तूरडाळीची अपेक्षा ठेवू नये.

बॅगेत काय हवं

कोकणातल्या पावसाची सवय असली तरी इथला पाऊस आडवा येतो. छत्री पहिल्याच दिवशी उलटते. टोपी असलेलं पक्कं जलरोधक जॅकेट, वरून चढवायची जलरोधक पँट, घोटा झाकणारे बूट आणि लोकरीच्या मोज्यांच्या तीन जोड्या हव्यात. उन्हाळ्यात दिवसाचं तापमान १२ ते १७ अंशांच्या आसपास असतं. जीन्स घेऊ नका. ती भिजली की जड आणि गार होते आणि दोन दिवस वाळत नाही.

मे अखेर ते सप्टेंबर मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या असतात. एक माशी दिसतही नाही, पण त्या ढगासारख्या येतात. वारा पडलेली दमट सकाळ आणि संध्याकाळ ही त्यांची वेळ. ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा सुटला की त्या उडू शकत नाहीत. म्हणून तंबू झाडीच्या आडोशाला न लावता वारा लागेल अशा उंचवट्यावर लावावा. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी पिशवीत असू द्या. फार जागा घेत नाही.

गोचिडीची काळजी मात्र मिजपेक्षा जास्त घ्या, कारण तिच्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. ब्रॅकन नावाच्या नेच्याच्या रानातून चालून आल्यावर रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. चिकटलेली गोचीड दिसली तर खास चिमट्याने कातडीलगत पकडून काढा. तेल, वॅसलीन, काडीचा चटका असं काही करू नका. त्याने ती पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. भारतात परतल्यावर उठला तर जास्तच आवर्जून, कारण भारतातल्या डॉक्टरच्या मनात तो आजार पटकन येणार नाही.

शिवाय नेहमीची औषधं मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्त, टॉर्च (रस्त्यांवर दिवे नाहीत), तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग-अडॅप्टर आणि थोडी रोख रक्कम घ्या. कार्ड चालतं, पण बेटावर बँक नाही आणि जोडणी कधी गेली तर रोख कामाला येते. विमा काढताना ‘फेरी रद्द झाल्यामुळे वाढलेला मुक्काम’ त्यात येतो का, ते पॉलिसीत शोधा.

मुक्काम आणि पायपीट

हॉस्टेल, बी अँड बी, लाकडी पॉड, स्वयंपाकाची सोय असलेली घरं आणि तंबूची जागा हे सगळे प्रकार आहेत, पण प्रत्येकी थोडेच. धक्क्यालगतच्या ‘अन लॅव्हरिग’ या इमारतीत दुकान, कॅफे, हस्तकलेचं दुकान आणि स्वच्छतागृहं आहेत. उत्तरेकडची क्लेडेल वस्ती तिथून सुमारे सहा किलोमीटर, चढासकट दीड तास चाल. क्लेडेलला मुक्काम असेल तर सामानाचं काय करायचं ते यजमानांशी आधीच ठरवा. बेटावर टॅक्सी आहे, पण तीही सांगून ठेवावी लागते.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालायचा आणि थोडे दिवस तंबू टाकायचा हक्क दिला आहे. एगवरही तो लागू आहे, पण जबाबदारीने वागण्याच्या अटीसह. एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नको, घरांपासून आणि पिकाच्या शेतापासून लांब राहा, कचरा परत न्या. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. एप्रिल-मे हा मेंढ्या विण्याचा काळ. गाभण मेंढी पळवली गेली तर कोकरू जाऊ शकतं, तेव्हा कुत्रं बांधून आणि आपण लांबून जावं.

अन स्गूर हे ३९३ मीटरचं शिखर बेटावर कुठूनही ओळखू येतं. सुमारे ५.८ कोटी वर्षांपूर्वी एका नदीच्या दरीत ज्वालामुखीचा रस भरला आणि थिजून पिचस्टोन नावाचा काळा, काचेसारखा चकाकणारा खडक झाला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि दरीच्या आतलं भरण डोंगर होऊन उभं राहिलं. जी एकेकाळी दरी होती तीच आज माथा आहे. माथ्यावर चालताना पायाखाली खांबांची टोकं फरसबंदीसारखी जोडलेली दिसतात. धक्क्यापासून जाऊन-येऊन तीन ते चार तास लागतात. वाट समोरच्या उभ्या सुळक्याला भिडत नाही. ती उत्तर अंगाने कड्याखालून जाते आणि एका घळीतून मागच्या धारेवर चढते. खालचा भाग दलदलीचा आहे. दक्षिणेला सरळ कडा आहे, म्हणून माथ्यावर ढग बसले असतील तर चढू नका आणि उतरताना गेलेल्या वाटेनेच या. बोट पकडायची असेल त्या दिवशी हा डोंगर फक्त पाच तास हातात असतील तरच घ्या.

क्लेडेलजवळ लेगचा लांब पुळणीचा किनारा आहे आणि त्याच्या उत्तरेला ‘गाणारी वाळू’. तिथली वाळू शुभ्र क्वार्ट्झची, जवळपास एकाच आकाराच्या कणांची. पाय घासत चाललं की कण एकमेकांवर सरकून किरकिरतात, बुटाच्या नव्या तळव्यासारखा आवाज येतो. ओली वाळू बोलत नाही, तेव्हा दोन कोरडे दिवस गेल्यावर जा आणि भरतीच्या रेषेच्या वर चाला.

दक्षिण किनाऱ्यावर दोन गुहा आहेत. कॅथेड्रल गुहेत फक्त ओहोटीला जाता येतं. ओहोटीची वेळ पाहून तिच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. दुसरी, अरुंद तोंडाची गुहा मॅक्लाउड टोळीने सोळाव्या शतकात दारात आग लावून आत लपलेल्या एगच्या जवळजवळ सगळ्या माणसांना गुदमरून मारल्याची जागा आहे. २०१६ मध्येही तिथे मानवी हाडं सापडली. दरड कोसळण्याचा धोका आहे आणि ते थडगं आहे. बाहेर उभं राहून परत फिरावं.

राहायला जायचं असेल तर

राहण्याच्या हक्काचा प्रश्न पहिला. ब्रिटनमध्ये घर विकत घेतलं म्हणून राहायची परवानगी मिळत नाही. नोकरीच्या व्हिसाला परवानाधारक मालक लागतो आणि शंभर माणसांच्या बेटावर तसा मालक मिळणं जवळजवळ अशक्य. १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना आहे. त्यात लॉटरीत नाव लागावं लागतं, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात आणि दोन वर्षं कुठेही राहून काम करता येतं. त्या वयात बेटाची खरी ओळख करून घ्यायला हा मार्ग उत्तम. बाकी कायमचं राहणं जमतं ते आधीच ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्यांना.

घर ही त्यानंतरची मोठी अडचण. मागणी जास्त, घरं थोडी. बांधायचं तर जागेचं बोलणं ट्रस्टशी, बांधकामाची परवानगी हायलँड कौन्सिलकडून, सांडपाण्याच्या टाकीची नोंदणी पर्यावरण संस्थेकडे. सिमेंटची प्रत्येक गोणी बोटीने येते, म्हणून मुख्य भूमीवरचा दर धरून काढलेला अंदाज इथे टिकत नाही. क्रॉफ्ट, म्हणजे कसायची कुळवहिवाटीची छोटी जमीन, मिळाली तर क्रॉफ्टिंग कमिशनच्या अटी लागू होतात: जमिनीपासून ३२ किलोमीटरच्या आत राहायचं आणि ती कसायची. नुसती हौसेची शेती चालत नाही.

काम सहसा तुकड्या-तुकड्यांनी मिळतं. एकच माणूस सकाळी धक्क्यावर दोर पकडतो, दुपारी पाहुण्यांची खोली आवरतो, आठवड्यातून दोन दिवस वीजयंत्रणा बघतो. घरून करायचं ऑनलाइन काम हाताशी असेल तर बस्तान लवकर बसतं.

वीज: पाच किलोवॅटचा संसार

एग राष्ट्रीय ग्रिडला जोडलेलं नाही. १ फेब्रुवारी २००८ ला बेटाची स्वतःची ‘एग इलेक्ट्रिक’ सुरू झाली. सुमारे ११ किलोमीटर भूमिगत केबल, ओढ्यांवरची तीन जलविद्युत यंत्रं (त्यातलं लेगचं सगळ्यात मोठं, १०० किलोवॅटचं), अन स्गूरच्या पायथ्याशी सहा-सहा किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटऱ्यांची एक खोली आणि अडीअडचणीला डिझेल जनरेटर. वर्षाची नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज पाणी, वारा आणि उन्हातून येते. त्याआधी घरोघरी डिझेल जनरेटर धडधडायचे.

प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅट, व्यवसायाला दहा. ही मर्यादा सगळ्या घरांना सारखी आहे आणि माझ्या मते या बेटाची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. वापर ओलांडला की घराचा पुरवठा तुटतो आणि देखभाल करणाऱ्याला बोलावून, शुल्क भरून तो पुन्हा जोडून घ्यावा लागतो. हिशेब असा. ब्रिटिश किटली ३ किलोवॅट खाते. पाणी तापवत असलेलं वॉशिंग मशीन २.२ च्या घरात. दोन्ही एकदम लावली की ५.२, म्हणजे अंधार. हेअर ड्रायर २, एका चुलीचं इंडक्शन २, पाण्याच्या टाकीतला हीटर ३. मिक्सर पाऊण किलोवॅटचा असतो, त्याची काळजी नको. मुख्य भूमीवरच्या घरांत असतो तो भिंतीवरचा इलेक्ट्रिक शॉवर ८ ते १० किलोवॅटचा, तो इथे चालूच शकत नाही. तेव्हा घर बघताना अंघोळीचं पाणी कशावर तापतं हा प्रश्न आधी विचारा. दोन मोठी यंत्रं एकत्र लावायची नाहीत, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावला तरी पुरतं.

हिवाळ्यात पाऊस आणि वारा भरपूर, म्हणून वीजही भरपूर. ताण येतो तो कोरड्या वसंतात. ओढे आटतात, वारा पडतो आणि भार सौर पॅनेलवर येतो. तुटवड्याच्या दिवसांत वापर कमी करायचं आवाहन होतं. तेव्हा कपडे धुणं, इस्त्री, भट्टी उन्हाच्या तासांत उरकावी. उलट बॅटऱ्या भरून वीज उरली की ती सभागृहासारख्या सामाईक इमारतींमधल्या हीटरकडे वळते आणि त्या खोल्या उबदार राहतात.

पाणी आणि ऊब

नळयोजना नाही. पाणी झऱ्याचं किंवा ओढ्याचं, ज्याचं त्याने आणायचं. वर मेंढ्या चरतात, त्यामुळे ते गाळून आणि जंतू मारूनच प्यायचं. नेहमीची मांडणी म्हणजे आधी पाच मायक्रॉनची गाळणी, मग अतिनील दिवा. क्रम उलटा करू नये. पीटच्या, म्हणजे दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याच्या, मातीतून आलेलं पाणी चहाच्या रंगाचं असतं. त्या रंगामुळे आणि गाळामुळे किरण पाण्यात खोल शिरत नाहीत आणि दिवा चालू दिसत असूनही जंतू जिवंत राहतात. गाळणी काळी पडली की बदला, दिव्याची नळी वर्षाला बदला, मग ती पेटत असली तरीही. वीज गेली की पाणी उकळून प्या. उघड्यावरचा पाइप गाडा किंवा गुंडाळा, गारठ्यात तो आधी गोठतो आणि मग फुटतो.

घर तापतं ते लाकडाच्या शेगडीवर. फोडलेलं लाकूड छपराखाली, बाजूने वारा खेळेल असं, दीड-दोन वर्षं रचून वाळवावं लागतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलं लाकूड धुमसतं, धुराड्यात डांबर साचतं आणि एक दिवस धुराडंच पेटतं. धुराडं वर्षातून किमान एकदा साफ करून घ्या. स्वयंपाकाला ४७ किलोची प्रोपेन टाकी घ्या, निळी ब्युटेनची नको. पारा शून्याजवळ आला की ब्युटेनचा गॅस होत नाही आणि भरलेली टाकी रिकामी असल्यासारखी वागते. भारतातला कुकर इथे सोन्यासारखा. गॅस वाचतो, आणि प्रत्येक टाकी बोटीने येते हे लक्षात ठेवा.

धान्य तीन आठवड्यांचं घरात असावं. सामान मॅलेगहून मागवता येतं, पण वादळाच्या आठवड्यात बोट नाही तर सामानही नाही. तांदूळ, पीठ, मसाले रबरी कडा असलेल्या घट्ट डब्यांत ठेवा, नाहीतर दमटपणाने पिठाचे गोळे होतात.

मुलं, आजारपण

प्राथमिक शाळा बेटावर आहे. माध्यमिकला मुलांना मॅलेग हायस्कूलला जावं लागतं. आठवडाभर वसतिगृहात, शनिवार-रविवार घरी, तेही बोट असेल तर. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, याचा विचार पालकांनी घर शोधण्याआधी करावा. अनेक कुटुंबं याच वळणावर अडतात.

डॉक्टर बेटावर राहत नाहीत, ठरावीक दिवशी येतात. तातडीला ९९९ वर फोन करायचा. प्रसंग आणि हवामान पाहून हेलिकॉप्टर किंवा मॅलेगची लाइफबोट येते. जवळची रुग्णालयं स्कायवरच्या ब्रॉडफर्डला आणि फोर्ट विल्यमला. हृदयविकार, जोखमीचं बाळंतपण, डायलिसिस असं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी आणि मग बेटावरच्या लोकांशी मोकळेपणाने बोला.

एग जमत नसेल तर

गिघा बेट रहिवाशांनी २००२ मध्ये घेतलं. तिथे बोट रोज आणि वारंवार जाते, म्हणून पहिल्या खेपेला ते सोपं. मल बेटाच्या शेजारचं उल्वा २०१८ मध्ये समुदायाकडे आलं, तेव्हा तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती. नॉयडार्ट बेट नव्हे, पण तिथल्या गावाला रस्त्याने जाता येत नाही. तेही १९९९ पासून लोकांच्या ताब्यात आहे आणि मॅलेगहूनच होडी मिळते.

फेब्रुवारीतला महिना

जूनमध्ये एगवर रात्री सव्वादहानंतर सूर्य मावळतो आणि कुणालाही इथेच राहावंसं वाटतं. डिसेंबरात नऊच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारला अंधारतं. म्हणून राहायचा विचार पक्का होण्याआधी एक भाड्याचं घर घेऊन जानेवारीअखेर ते फेब्रुवारी असे चार आठवडे काढा. एक वही घाला. रोज तीन नोंदी करा: आज बोट आली का, विजेच्या मीटरचा आकडा किती, शेगडीत किती टोपल्या लाकूड गेलं. दुकानात, सभागृहात, धक्क्यावर जे काम चालू असेल त्याला, व्हिसाच्या अटींत बसत असेल तर, हात लावा. चौथ्या आठवड्यात ट्रस्टकडे घर आणि जागेबद्दल विचारायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.